ब्रेकखालची जागा

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. वय ४१, बँकेत नोकरी, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५३ किलो. माझ्या ॲल्युमिनियमच्या रोड बाइकला २३ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत आणि मी ११० पीएसआय हवा भरते. गेल्या हिवाळ्यात २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) वेळेत पूर्ण केल्या, पण ४०० ला हात इतके बधिर झाले की मधेच सोडावी लागली. आता सायकल बदलायची आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, म्हणून हलकी हवी. रस्त्यांमुळे टायर रुंद हवा. आणि ब्रेक रिमचाच, म्हणजे चाकाच्या कड्याला धरणारा हवा, कारण तो मला स्वतःला दुरुस्त करता येतो. दुकानात हे तिन्ही एकदम मागितलं की हसतात. माझ्यासमोर तीन सायकली आहेत. एक सेकंडहँड कार्बन रेसिंग बाइक, ७.४ किलो, डायरेक्ट माउंट रिम ब्रेक, ५० मिलिमीटर खोल कार्बन चाकं, किंमत ७५ हजार. दुसरी नवीन ॲल्युमिनियमची डिस्कवाली, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणाऱ्या ब्रेकची, १०.२ किलो. तिसरी म्हणजे परदेशी गेलेल्या मैत्रिणीची स्टीलची नुसती फ्रेम आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग. ती म्हणते याला ५७ रीचचे ब्रेक लागतात. सगळं जोडून नऊ-सव्वानऊ किलो होईल असं दुकानदार सांगतो. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

आधी हातांचं बोलू. ४०० सुटली ती तुमची ताकद कमी पडली म्हणून नव्हे. ५३ किलोच्या बाईने २३ च्या टायरमध्ये ११० हवा भरली तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट मनगटात येतो. चारशेला २७ तासांची मुदत असते, आणि तेवढा वेळ हा मारा कुणाचेही हात सहन करणार नाहीत. नवी सायकल येईल तेव्हा येईल, उद्याच हवा ८५ वर आणा आणि यवतेश्वरला एक फेरी मारून या. बोगद्यापासून वर कासच्या रस्त्याला लागेपर्यंतच फरक कळेल.

आता तुमच्या मागणीबद्दल. हलकी, रुंद टायरची आणि रिम ब्रेकची सायकल मागण्यात हसण्यासारखं काही नाही. अशा सायकली फ्रान्समध्ये १९३० आणि १९४० च्या दशकांत बनत होत्या. जाड टायर, मडगार्ड, दिवा, सामानाची जागा, आणि एवढं सगळं असूनही हलक्या. त्यासाठी तिथे कारागिरांच्या स्पर्धा व्हायच्या. कच्च्या डोंगरी रस्त्यावरून सायकल पळवायची आणि शेवटी काय मोडलं, काय टिकलं ते तपासायचं. ब्रेक अर्थातच रिमचे. रोड बाइकचे टायर पुढच्या काळात अरुंद झाले त्याचं कारण रेसिंगची फॅशन. टायर २३ वर आला, त्याला साजेसा ब्रेक आखूड झाला, आणि फ्रेम टायरला चिकटून बनू लागल्या. २०१२-१३ नंतर रेसवाल्यांनाच उमगलं की २५ आणि २८ जास्त बरे पळतात, पण तोवर कारखान्यांचं लक्ष डिस्ककडे वळायला लागलं होतं. २०१८ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, रोड रेसमध्ये डिस्कला कायमची परवानगी दिली आणि रुंद टायरची जागा डिस्कवाल्या फ्रेमलाच मिळत गेली. तुम्हाला जी सायकल हवी आहे ती या दोन काळांच्या फटीत सापडते. म्हणून शोधावी लागते. पण सापडते.

शोधताना वजनाचा आकडा शेवटी बघा. पहिला आकडा रीचचा. फ्रेमला किंवा फोर्कला ब्रेकचा बोल्ट जिथे घुसतो त्या भोकाच्या मध्यापासून रिमला घासणाऱ्या रबरी पॅडच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर म्हणजे रीच. शिमानो कंपनीच्या १०५ किंवा अल्टेग्रा मालिकेतल्यासारख्या नेहमीच्या कॅलिपरचा (ब्रेकच्या चिमट्याचा) रीच साधारण ३९ ते ४९ मिलिमीटर असतो. लांब कॅलिपर ४७ ते ५७ चा येतो, शिमानोचा आर६५० किंवा टेक्ट्रोचा आर५३९ हे त्यातले. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त आठ मिलिमीटरचा, पण सगळी गंमत त्या आठातच आहे.

थोडं गणित करू, म्हणजे दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला स्वतःला ताडून बघता येईल. रोड बाइकच्या नेहमीच्या ७०० सी चाकावर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२, म्हणजे त्रिज्या ३११. ब्रेकचा पॅड साधारण त्याच उंचीवर रिमला टेकतो. टायर जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच. म्हणजे ३२ चा टायर पॅडच्या वर ३२ मिलिमीटर जाणार. कॅलिपरची कमान बोल्टच्या खाली बारा-तेरा मिलिमीटर जागा खाते. ४९ मधून ती वजा केली की उरतात छत्तीस. ३२ चा टायर त्यात जेमतेम मावतो, आणि तेही भोक अगदी टोकाला, ४९ वर असेल तर. बऱ्याच रेसिंग फ्रेमना ते ४२-४५ च्या आसपास असतं. तिथे २८ सुद्धा अंग चोरून बसतो. ५७ वर भोक असेल तर हाती चव्वेचाळीस लागतात. ३२ चा टायर, वर बोटाच्या पेराएवढी मोकळी हवा, किंवा त्या हवेत मडगार्ड. रुंद टायरवाल्या रिम ब्रेक सायकलीचं सगळं रहस्य एवढंच आहे.

किती मोकळी जागा पुरे, याला माझा नियम साधा आहे. ४ मिलिमीटरची ॲलन की टायर आणि कॅलिपरच्या मधून न घासता फिरली पाहिजे. फोर्कच्या माथ्याखालून, मागच्या चाकावरच्या आडव्या पुलाखालून, दोन्ही चेनस्टेंच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, आतूनही. एका जागी अडली तरी तो टायर त्या सायकलीचा नाही.

हा नियम मी एक फोर्क गमावून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशीच एक सुंदर, सात किलोच्या आसपासची कार्बन घेतली होती आणि हट्टाने तिच्यात २८ चे टायर घातले होते. बसले होते, फिरत होते, वर जागा दोन मिलिमीटर. ऑक्टोबरमधली ब्रेव्हे, आदल्या रात्री पाऊस झालेला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना रस्त्यावर लाल चिखल वाहून आला होता आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी खडी. वळणावर आवाज सुरू झाला, खवणीवर नारळ खवल्यासारखा. मला वाटलं पान अडकलंय, जाईल निघून. पोलादपूरला टपरीसमोर थांबून बघितलं तर फोर्कच्या माथ्याखाली चिखलाचं एक घट्ट पेंड बसलेलं आणि त्यात रुतलेली खडी टायरबरोबर फोर्कला घासत होती. काडीने कोरून काढलं, पाण्याच्या बाटलीने धुतलं. रंग गेला होता, आणि रंगाखालून कार्बनची विणलेली वीण उघडी पडली होती, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, बोट लावलं की तंतू टोचायचे. ती ब्रेव्हे मी तिथेच सोडली. तो फोर्क पुन्हा कधी वापरला नाही. कार्बन फोर्क तुटतो तेव्हा सांगून तुटत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या पर्यायाबद्दल मी स्पष्टच बोलते. ती ७.४ किलोची कार्बन घेऊ नका.

ती वाईट असेल असं नाही. डायरेक्ट माउंट म्हणजे एकाऐवजी दोन बोल्टांवर बसणारा ब्रेक. तो ताठ असतो, पकडतो झकास, आणि अशा काही शेवटच्या पिढीच्या हलक्या फ्रेमनी ३० पर्यंत टायर घेतला आहे. स्पेशलाइज्डच्या २०१७ मध्ये आलेल्या टारमॅकची रिम ब्रेकवाली आवृत्ती त्यातली. तशी एखादी तुमच्या मापाची मिळाली असती आणि तुमचे रस्ते पुणे-बंगळूर महामार्गासारखे असते तर मी घ्या म्हटलं असतं. पण दाखवलेल्या सायकलीला आत्ता २५ चे टायर आहेत की २८ चे, हेही विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. डायरेक्ट माउंट फ्रेमवर दुसऱ्या कुठल्याही जातीचा ब्रेक लागत नाही, म्हणजे जागा कमी पडली तर लांब कॅलिपर लावून वाढवताही येणार नाही. आणि मागचा ब्रेक कुठे आहे ते पाहिलंत का? एका काळात वारा कापण्याच्या नादात कित्येक कंपन्यांनी तो पेडलच्या खाली, चेनस्टेच्या पोटात नेऊन बसवला. पावसाळ्यात तिथे जे साठतं ते काढायला सायकल उलटी करावी लागते. तुम्हाला ब्रेक स्वतः दुरुस्त करायचाय, मग हा नकोच.

त्याहून मोठी हरकत त्या ५० मिलिमीटरच्या कार्बन चाकांना आहे. रिम ब्रेकची सगळी उष्णता रिममध्ये जाते. पांचगणीहून पसरणी घाट उतरताना वाईपर्यंत तुम्ही ब्रेक धरत-सोडत येणार, पुढे एसटी, मागे जीप, मधेच वळणावर फोटो काढायला थांबलेली माणसं. ॲल्युमिनियमची रिम ती उष्णता पसरवून हवेत सोडते. कार्बन सोडत नाही. एका जागी तापत जातं आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू शकतं, टायरची कड ज्या भिंतीला धरून बसते ती भिंत फुगते. पॅडही त्याचे वेगळे लागतात. ॲल्युमिनियमवर वापरलेला पॅड चुकून कार्बनवर लावला तर त्यात रुतलेले धातूचे कण रिम कोरून काढतात. शर्यतीचा सराव असलेल्या, दोन्ही ब्रेक सोडून वळणात शिरणाऱ्यांसाठी ती चाकं ठीक. सातारकरांना घाट रोजचा असतो.

डिस्कवाल्या सायकलीबद्दल थोडक्यात. तुम्ही भर जुलैत रोज कामावर सायकलने जाणार असाल, किंवा हातांची पकड खरंच कमी असेल, तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारी डिस्कच घ्या. एका बोटाने थांबते आणि ओल्या रिमची काळजी नाही. पण पत्रात तसं काही नाही. १०.२ किलो रोज तीन मजले चढवायचे, आणि ब्रेकमध्ये हवा शिरली की तो दुकानात न्यायचा. तुम्हाला दोन्ही नको आहे. नको असलेली गोष्ट लोक म्हणतात म्हणून घेऊ नये.

राहिली मैत्रिणीची स्टीलची फ्रेम. माझं मन तिच्याकडे आहे. ५७ रीचच्या स्टीलच्या रोड फ्रेमचं एक छोटंसं घराणंच आहे. सर्लीची पेसर, सोमाची स्मूदी ईएस, रिव्हेंडेलची रोडीओ. रेसिंगसारखी चालणारी, पण पोटात जागा ठेवलेली. ती फ्रेम यातली असो वा नसो, नावावर जाऊ नका, मोजा.

त्यासाठी ब्रेक विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या आत्ताच्या सायकलीची चाकं काढा आणि त्या फ्रेम-फोर्कमध्ये बसवा. मागचं चाक सहज आत गेलं पाहिजे. मागच्या दोन टोकांमधलं अंतर १३० मिलिमीटर असेल तर जाईल. फ्रेम फार जुनी असेल तर ते १२६ निघू शकतं. स्टील असल्यामुळे जाणता कारागीर ते वाकवून १३० करून देतो, पण आधी कळलेलं बरं. मग कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घ्या आणि भोकाच्या मध्यापासून रिमवर जिथे पॅड घासतो त्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे, कारण ते सारखे असतीलच असं नाही. ५० ते ५७ च्या मध्ये आकडा आला तर आनंद करा. ४७ च्या खाली आला तर मैत्रिणीचा काहीतरी गैरसमज झालाय. ५७ च्या वर गेला तरी घाबरू नका, ५५ ते ७३ रीचचा टेक्ट्रो आर५५९ नावाचा आणखी लांब हातांचा ब्रेक मिळतो. पण कॅलिपरचे हात जितके लांब तितके ते दाबल्यावर थोडे लवचिक वाटतात, एवढं लक्षात असू द्या.

मग बाजूची जागा. चेनस्टेंच्या आत, टायरचं पोट जिथे येईल तिथे, ४० मिलिमीटर आहेत का बघा. ३२ चा टायर आणि दोन्हीकडे चार-चार. स्पोक तुटला की चाक डुलायला लागतं, तेव्हा ही बाजूची जागाच तुम्हाला घरी पोहोचवते. कॅलिपरचा छोटा लिव्हर उघडला की पॅड दूर होतात, पण फ्रेम काही उघडत नाही. आणि टायरवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवू नका. आतून १९ मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर ३२ चा टायर साधारण ३२ भरतो. आजकालच्या २३-२५ रुंदीच्या रिमवर तोच टायर ३४ च्या आसपास जातो. दुकानात व्हर्निअर असतो, हवा भरून मोजायला सांगा.

सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, काढून आत टॉर्च मारा. हलका तपकिरी थर असेल तर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको. सीटपोस्ट निघतच नसेल तर फ्रेम घ्यायच्या आधी ती काढून दाखवायला सांगा. गंजून एकजीव झालेली सीटपोस्ट काढताना मी चांगल्या फ्रेम वाया गेलेल्या पाहिल्यात.

तुमच्या उंचीला एक गोष्ट खास तपासावी लागेल, आणि ती उंच पुरुषांनी लिहिलेल्या सल्ल्यांत कधी येत नाही. छोट्या फ्रेममध्ये पुढचं चाक पायाच्या जवळ येतं. हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक टायरला लागतं. २३ च्या टायरला जेमतेम सुटत असेल तर ३२ च्या टायरला लागेल, मडगार्ड लावलं तर नक्कीच लागेल. वेगात याचा त्रास नसतो, कारण तेव्हा हँडल इतकं वळतच नाही. त्रास होतो तो चढावर, अगदी हळू, नागमोडी चालवताना, म्हणजे नेमकं यवतेश्वरच्या उभ्या वळणांवर. सायकल जोडल्यावर ट्रायल घेताना बूट घालून, पेडल पुढे आणून, हँडल वळवून पाहा. थोडंसं लागत असेल तर सवयीने सांभाळता येतं. चांगलं दोन बोटं आत जात असेल तर एक उपाय आहे. ७०० सी ऐवजी ६५० बी चाकं. त्यांचा व्यास ५८४, म्हणजे त्रिज्या १९ मिलिमीटरने कमी, तेवढाच रीच जास्त लागतो. ५० च्या फ्रेमला मग ६९ चा ब्रेक हवा, तो वर सांगितलेल्या आर५५९ मध्ये बसतो. टायर तर ३८ चाही बसू शकतो, चेनस्टे तेवढ्या रुंद असतील तर. पण हा उपाय शेवटचा. ६५० बी चा टायर रात्री अकराला कुठल्या तालुक्याच्या गावी फाटला तर तो मिळणार नाही.

आता वजन. तुमच्या जुन्या सायकलीवरची गिअर-ब्रेकची लिव्हरं, क्रँक, गिअर बदलणारे डिरेलर चांगले असतील तर सगळे या फ्रेमवर चढवा. नवीन घ्यायला गेलात तर कळेल की शिमानोची १२ गिअरची १०५ फक्त डिस्कसाठीच निघते. रिम ब्रेकसाठी ११ गिअरची आर७००० शोधावी लागते. फक्त लिव्हर आणि कॅलिपर एका पिढीचे आहेत ना, हे विचारून घ्या. नवी लिव्हरं जास्त केबल ओढतात. जुन्या कॅलिपरशी त्यांची जोडी जमवली तर ब्रेक लाकडासारखा लागतो, दाबलं तरी थांबत नाही.

छोट्या मापाची स्टीलची फ्रेम पावणेदोन किलोच्या आसपास असते, स्टीलचा फोर्क पाऊण किलोच्या वर. इथे काही कमी करता येत नाही, करूही नका. पैसे चाकांत घाला. ॲल्युमिनियमची दीड-पावणेदोन किलोची चाकं आणि तीनशे ग्रॅमच्या आसपासचे, पातळ आणि मऊ अंगाचे ३२ चे टायर. तारेची कड असलेला स्वस्त ३२ चा टायर साडेचारशेच्याही वर जातो आणि चालायलाही जड लागतो. मग रुंद टायर उगाच बदनाम होतो. एवढं केलंत तर सायकल पावणेनऊ किलोच्या जवळपास येईल. ७.४ होणार नाही. पायऱ्यांवर तो सव्वा किलोहून थोडा जास्तच असलेला फरक कळेल, खोटं कशाला सांगू. फ्रेमच्या त्रिकोणात खांदा घालून उचला, हँडल हाताने धरा, म्हणजे भिंतीचा रंग शाबूत राहतो. चढावर मात्र हिशोब वेगळा आहे. तुम्ही, सायकल, पाणी, हत्यारं मिळून पासष्ट किलो धरले तर तो फरक म्हणजे दोन टक्के. तासाभराच्या चढाला सव्वा मिनिट जास्त. ४०० च्या ब्रेव्हेत हात चोळत बसण्यात तुमचे किती गेले?

ट्यूबबाबत एक सावधगिरी, घाटवाल्यांनी ऐकायलाच हवी अशी. हल्ली टीपीयू नावाच्या प्लास्टिकच्या पातळ ट्यूब निघाल्या आहेत, नेहमीच्या रबरी ट्यूबच्या तिसऱ्या हिश्श्याहून हलक्या. वजन वाचवायला लोक डोळे मिटून घेतात. त्यातल्या काहींच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त डिस्क ब्रेकसाठी. कारण वर सांगितलं तेच, रिम तापते आणि ते प्लास्टिक मऊ होतं. रिम ब्रेकला चालणाऱ्या टीपीयू ट्यूबही असतात, त्या वाचून घ्या. पुढच्या चाकात तर मी साधी रबरीच घालते. घाट उतरताना पुढची ट्यूब जाणं मला परवडणारं नाही.

हवा ३२ मध्ये मागे ५५ आणि पुढे ५० पासून सुरू करा. अंगठ्याने दाबून ‘अगं, ही तर बसलीय’ असं वाटेल. चालवा. खड्ड्यात रिम ठोकली गेली तर तीन-तीन वाढवा, नाही ठोकली तर तिथेच राहा. एक अडचण सांगून ठेवते. हवा भरलेला ३२ चा टायर बहुतेक कॅलिपरच्या पॅडांमधून बाहेर येत नाही, लिव्हर उघडला तरी. चाक काढायचं तर थोडी हवा सोडावी लागते. पंक्चर असेल तर प्रश्नच नाही, आणि बसवताना चाक आधी, हवा नंतर.

पावसाचं राहिलं. ओल्या ॲल्युमिनियमवर पहिले एक-दोन फेरे पॅड पाणी पुसण्यातच घालवतो, मग धरतो. म्हणून वळणाच्या बरंच आधी हलका स्पर्श करून रिम पुसून घ्यायची. पॅड कूल स्टॉपचे सॅमन रंगाचे घ्या, ओल्यात ते चांगले आणि रिमला कमी खातात. दर ओल्या फेरीनंतर चाक काढा आणि पॅडच्या तोंडाकडे उजेडात बघा. रबरात चंदेरी ठिपके चमकताना दिसतील. ते तुमच्याच रिमचे तुकडे. सेफ्टी पिनने एकेक उचकटून काढा, मग सँडपेपरचे दोन हात. पाच मिनिटांचं काम आहे, चहा उकळेपर्यंत होतं. ते न करणाऱ्यांच्या रिम एका पावसाळ्यात बशीसारख्या आत वळलेल्या मी पाहिल्यात. बऱ्याच रिमवर खूण म्हणून एक बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं की रिम बदलायची, मग ती कितीही सरळ फिरत असो.

आणि ती फ्रेम मोजल्यावर नाही जमली तर? तर जुनी सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखला-मातीतल्या शर्यतींची फ्रेम शोधा. २०१० पर्यंत त्या शर्यतींत डिस्कला परवानगीच नव्हती, त्यामुळे कँटिलिव्हर ब्रेकच्या (रिमच्या दोन बाजूंना वेगवेगळे हात असलेल्या ब्रेकच्या) हलक्या फ्रेम भरपूर बनल्या, ३३ चा टायर चिखलासकट फिरेल अशा. कँटिलिव्हर जुळवताना डोकं खातात. त्याऐवजी ८० ते ९० मिलिमीटर हातांचे छोटे व्ही ब्रेक लावा, रोडच्या लिव्हरला ते जमतात. माउंटन बाइकचे लांब हातांचे व्ही ब्रेक जमत नाहीत, दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी घेऊ नका.

या रविवारी तुमच्या सायकलीची चाकं, पट्टी आणि ४ ची ॲलन की घेऊन मैत्रिणीच्या घरी जा. मला तीन आकडे कळवा : पुढचा रीच, मागचा रीच, चेनस्टेंमधलं अंतर. आणि सायकल जोडून झाली की बूट टायरला लागतो का, तेही. कुठला कॅलिपर मागवायचा ते मी लगेच सांगते.